माकडशिंगीची तिसरी कुंडी

दसऱ्याआधीचा रविवार, सकाळ. ठिकाण : सांगलीतल्या आमच्या घराची गच्ची. हजर : मी, सासूबाई, आणि म्हसवडकडून पहिल्या एसटीने आलेली आई.

माकडशिंगी म्हणजे माण तालुक्यातल्या माळावर उगवणारी बिनपानांची वनस्पती. करंगळीएवढे जाड, रसाळ हिरवे दांडे. आई लहानपणी मेंढरांमागे हिंडताना तहान मारायला ते चावायची. दोन वर्षांपूर्वी माहेरचा आमचा माळ सौर पॅनेलसाठी सपाट झाला. त्याआधी आईने तीन दांडे उपटून मला आणून दिले. तिच्या माहितीतले तेवढेच उरले होते. देताना म्हणाली, "हितं न्हाई जगायचं ते. तुमच्याकडं पाणी लय."

मी लगेच यादी केली : मुरूम, वाळू, ऊन, पंधरवड्यातून वाटीभर पाणी. तरी पहिला दांडा महिन्यात कुजला. पाणी आणखी तोडलं, तर दुसराही मऊ पडला. मग एका सकाळी कारण दिसलं. सासूबाई तुळशीला पाणी घालून तांब्यात उरलेलं शेजारच्या माकडशिंगीच्या कुंडीत ओतत होत्या. पूजेचं पाणी मोरीत टाकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सुटीच्या दिवशी तुळशीला पाणी मी घालते. मीही तेच करत आले होते. यादीत ते कुठेच नव्हतं.

तिसरी कुंडी मी जिन्यावरच्या पत्र्याच्या कडेला नेऊन ठेवली, तांब्या पोहोचणार नाही अशी. उन्हाळ्यात दांडा सुरकुतला. सासूबाई म्हणाल्या, आता टाकून दे. मी टाकला नाही. पावसाळ्यात बुडातून सात नवे दांडे फुटले.

आज ती कुंडी खाली उतरवली. टोकाटोकांना जांभळी-पिवळी बारीक फुलं, आणि दोन शेंगा, शिंगांसारख्या उभ्या. आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने एक शेंडा सरळ मोडला. अर्धा तिने तोंडात टाकला, अर्धा सासूबाईंपुढे धरला.

"घ्या विहीणबाई. तुमच्या तांब्यातनं वाचलीय."

सासूबाईंनी चावला, तोंड वाकडं केलं, पण थुंकल्या नाहीत. हसल्या.

"तशीच हाय," आई मला म्हणाली. "माळावरची हाय तशीच. जिंकलीस."

दोन वर्षांत एवढं मोठं बक्षीस मला मिळालेलं नाही.

शेंगा तडकल्या की बी कापसासारखं उडून जातं. ते आईच्या शेताच्या बांधावर पेरायचं ठरलंय. त्यासाठी शेंगांना मलमलीची पिशवी बांधायला हवी. कापड काढून ठेवलंय. बांधणं बाकी आहे.