बांधावरची सोयरीक

नगरहून निघताना दादाने मिशांना तेल लावले होते. तेलगावला त्याच्या पाटाची (पुनर्विवाहाची) बोलणी होती. वहिनी गेल्यानंतर तो प्रथमच असा खुशीत दिसत होता.

निजामाच्या हद्दीत शिरल्यावर नाक्यावरच्या शिपायाला लाडू दिला, त्याने वाट सांगितली. पुढे माळच माळ. मला त्यात काही दिसेना. दादा मात्र पाखरू दिसले की गाडी थांबवी. वडवणीपुढे त्याने एका बोरीच्या जाळीत डोके घातले आणि बोंबलतच बाहेर आला. आत मधमाश्यांचे मोहोळ होते.

तेलगावात उतरलो तोवर त्याचा एक डोळा पार मिटला होता. नवरीच्या वडिलांनी, तात्यांनी, त्याच्याकडे बघून कपाळाला आठ्या घातल्या. ज्वारीची भाकरी, ठेचा, अंबाडीची भाजी असे जेवण झाले. विधवा झाल्यापासून वडिलांची शेती पाहणारी नवरी, सरूबाई, डंखावर लावायला चुना घेऊन बाहेर आली.

"मोहोळ बोरीत व्हतं का?"

"हो."

"मग आमच्या बांधावर जपून या."

तात्या वैतागले. "समद्या गावाचे बांध साफ हायत, हिच्या बांधावर जंगल. उद्या तोडायला माणसं सांगितल्यात. तेवढाच कापूस वाढंल."

आम्ही चौघे शेतावर गेलो. बांधावर बोरी, बाभळी, तरवड दाटले होते. शेजारी तूर फुलली होती.

"बांधाजवळच्या तुरीला लई शेंगा धरत्यात," सरूबाई म्हणाली. "माश्या हितंच राहत्यात ना. पर बाभळीच्या काट्यावर नाकतोडे कोण टोचून ठेवतंय, त्ये कळंना."

दादा एका डोळ्याने काटे न्याहाळू लागला. "खाटीक पक्षी. पोट भरलं की उरलेलं असं टांगून ठेवतो."

"म्हंजी जवारी खाणारे नाकतोडे त्यो खातो?"

"आणि बसायला त्याला ही बाभूळ लागते."

दोघे बराच वेळ त्या झुडपांत वाकून बोलत राहिले. तात्यांना आणि मला ते विसरूनच गेले.

शेवटी ती म्हणाली, "तात्या, उद्याची माणसं नको म्हणून सांगा."

"आन् सोयरिकीचं?"

"त्यांचा डोळा उघडू द्या, मग त्यांना इचारा. माजी ना न्हाई."

तात्या पहिल्यांदाच हसले.

 परतताना नगरची वेस दिसू लागल्यावर दादा म्हणाला, "आपल्या बांधावर तिला दाखवायला काय आहे रे?"

आमचा बांध झाडलोट केल्यासारखा स्वच्छ. त्याचा आम्हाला केवढा अभिमान! एका बांधावर इतक्यांचे संसार एकमेकांच्या आधाराने चालतात, हे दोन माणसांचा संसार जुळवायला गेलो म्हणून मला कळले.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"मग वाजंत्रीवाल्याचं नंतर बघू. आधी बोरीच्या बिया शोधू."