मिस्तरींचा कोरडा कूलर

मिस्तरी उदबत्ती पेटवायचे आणि कॉम्प्युटरसमोर धरायचे. आधी खालच्या जाळीपाशी, मग मागच्या, मग वरच्या. धूर आत ओढला गेला की मान हलवायचे. बाहेरच घुटमळला तर पत्रा कापायची कात्री उचलायचे. एकदा एका नव्या गिऱ्हाइकाने हे बघून चपला काढल्या आणि हात जोडले. मिस्तरी शांतपणे म्हणाले, "पूजा न्हाई वो. हवा बघून राहिलो."

लातुरात माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान आहे. आमच्याकडे ज्याच्या दुकानात कॉम्प्युटर त्याला सर म्हणतात, म्हणून मी सर. मिस्तरी माझ्यापासून तिसऱ्या शटरमध्ये पत्र्याचे कूलर बनवायचे. तुम्ही ते पाहिलेच असतील. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, पुढे पंखा, खाली पाण्याची टाकी, आणि चालू झाला की घरात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. प्लास्टिकचे तयार कूलर आले आणि मिस्तरींचं काम आटलं. मुलगा नांदेडला नोकरीला. दर रविवारी त्याचा फोन यायचा, "बाबा, दुकान बंद करा, इकडं या." फोन ठेवला की मिस्तरी अर्धा तास पत्रा बडवत बसायचे, काम असो नसो.

आता माझा धंदा बघा. पोरांना कॉम्प्युटरला काच हवी, आत रंगीत दिवे हवेत. दिसायला झकास, पण लातूरच्या एप्रिलात त्या काचेच्या पेटीची भट्टी होते. दुपारी दोनला कॉम्प्युटर आपोआप बंद पडायचा आणि शिव्या मला. असाच एक समोर घेऊन मी डोकं धरून बसलो असताना मिस्तरी डोकावले. काचेला हात लावून म्हणाले, "सर, ह्येचा दम कोंडलाय. ह्येला घर बांधा. शोकेस कशाला?"

घर बांधायचं काम मी त्यांच्याच गळ्यात घातलं. पहिलं गिऱ्हाईक रेणापूरचा, लग्नाचं शूटिंग करणारा. ऐन लगीनसराईत त्याचा कॉम्प्युटर गरम होऊन सारखा बंद पडत होता. मिस्तरींनी त्याला कमरेएवढा पत्र्याचा डबा करून दिला. जाळ्यांत कूलरचंच गवत भरलं, पण कोरडं, नुसती धूळ अडवायला. रंग पोपटी दिला, कारण तोच शिल्लक होता. मला म्हणाले, "येक उन्हाळा बघतो, सर. ह्या डब्यांवर दुकान चाललं तर चाललं. न्हाईतर नांदेड."

पंधरा दिवसांत रेणापूरहून फोन. शूटिंगवाल्याचा आवाज रडवेला. कॉम्प्युटर कामाला लावून तो जेवायला गेला होता. तेवढ्यात त्याचे वडील रानातून आले. बघतात तर खोलीत कूलर चालू, वारा गरम आणि गवत कोरडंठाक. पोराला अक्कल नाही, मोटर जळेल, म्हणून म्हाताऱ्याने खालचं झाकण उघडून दोन बादल्या पाणी ओतलं.

मी मिस्तरींना मोटरसायकलवर मागे घेतलं. सगळ्या वाटेत ते एवढंच बोलले, "नांदेडला पोराचं घर तिसऱ्या मजल्यावर हाय. लिफ्ट न्हाई."

पोचलो तर खोलीभर पाणी, म्हातारा दारात पिळलेला टॉवेल घेऊन उभा, आणि पोपटी डबा सुरूच. आधी मेनस्विच बंद केला, मग जाळी काढली. आत सगळं कोरडं. कूलर बनवणाऱ्या हातांनी सवयीने खाली टाकीची जागा सोडून सगळं यंत्र वीतभर वर बसवलं होतं आणि तळाला पाणी सोडायचं भोकसुद्धा ठेवलं होतं. म्हाताऱ्याने उघडलं ते झाकणही त्याच सवयीने बसवलेलं.

"कॉम्प्युटरला भोक कशाला पाडलं होतं?" मी विचारलं.

मिस्तरी ओशाळले. "कुणाला सांगू नका, सर. हात थांबलाच न्हाई."

आम्ही नाही सांगितलं. म्हाताऱ्यानेच गावभर केलं की आपल्या पोराच्या कॉम्प्युटरने दोन बादल्या पचवल्या. मग काय, माणसं दुकान शोधत यायला लागली. वसतिगृहातल्या एका मुलीला मिस्तरींनी कॉम्प्युटर ट्रंकेत बसवून दिला, कडी-कुलपासकट. एका किराणावाल्याला धान्याच्या छोट्या कोठीत. देवणीच्या एकाला बैलाच्या तोंडाचा डबा हवा होता, शिंगांतून गरम हवा सोडणारा. मिस्तरी देवणीला जाऊन सबंध दिवस बैलांपुढे बसून आले आणि म्हणाले, "शिंगं जमतील. कान लई आवघड हायत."

मुलाचा रविवारचा फोन चालूच होता. "बंद केलं का?" "ह्यो महिना काढतो," मिस्तरी म्हणायचे. असे त्यांनी पाच उन्हाळे काढले, आणि त्या पाच वर्षांत मी त्यांना नुसता पत्रा बडवताना पाहिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ते गेले. सकाळी माझं शटर उघडताना अजून मान तिकडे वळते, आणि वाईट वाटतं.

मुलगा नांदेडहून दुकान रिकामं करायला आला. "जय भीम, काका," एवढंच म्हणाला. अवजारं पोत्यात भरली, शटर निम्मं ओढलं, कुलूप हातात घेतलं. तेवढ्यात रिक्षा थांबली. उदगीरचा एक माणूस चादरीत गुंडाळलेला काचेचा कॉम्प्युटर कवेत घेऊन उतरला.

"मिस्तरी हायत का? लई गरम होऊन राहिलंय. डबा करायचाय."

मी मुलाकडे बघितलं. पाच वर्षं दर रविवारी त्याला वडिलांच्या तोंडून जे ऐकायचं होतं, ते आता त्याला स्वतःच म्हणायचं होतं. दुकान बंद झालं, एवढंच. त्याने कुलूप खिशात टाकलं, शटर वर केलं आणि पोत्यात हात घालून टेप शोधला.

टेपचं एक टोक त्याने उदगीरवाल्याच्या हातात दिलं. "धरा हिकडून," म्हणाला. "माप घेतो."