गुरुवारचा वीकेंड

चिखलीच्या इंग्रजी क्लासात माझी सगळ्यात जास्त फजिती केली ती वीकेंडने. आपण सुट्टीत मामाकडे जातो, म्हणून मी बिनधास्त 'इन द वीकेंड' म्हणायचे. सर कपाळाला हात लावायचे. 'ॲट' म्हण, 'ऑन' म्हण, पण 'इन' म्हणू नकोस. मला त्या 'इन'चा नाही, त्या सरांचाच राग यायचा.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीने आमच्या बीटी कपाशीची अर्धी बोंडं आतून पोखरली होती. आई दुसऱ्यांच्या वावरात वेचायला जायची. चिखलीतल्या एका इंग्रजी शाळेत बालवर्गाच्या बाईची जागा निघाली, तेव्हा घरात ठरलं: लागली तर ठीक, नाहीतर पोरीचं लग्न उरकून टाकायचं. मला लग्न नको होतं.

मी घोकत बसले. आई म्हणाली, "काऊन वं, काय पुटपुटून राह्यली मघापासून?"

"ॲट द वीकेंड."

"म्हंजे?"

"शनिवार-रविवारची सुट्टी."

"आयतवारी कोनाले सुट्टी असते?" आई हसली. "सुट्टी बजाराच्या दिवशी."

मुलाखतीत मॅडमनी नेमकं तेच विचारलं: वीकेंडला काय करतेस? क्लासात पाठ केलेलं उत्तर होतं, बागेत जाते, पुस्तकं वाचते. आमच्या गावात बाग कुठली? माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं, "ॲट द वीकेंड आम्ही कापूस वेचतो. आमचा वीकेंड ऑन थर्सडे असतो."

मॅडम बघतच राहिल्या. मेले, असं वाटलं. मग मी सांगतच सुटले: गुरुवारी बाजार, त्या दिवशी मजूर कामावर जात नाहीत, बायका न्हातात, घरोघरी गरम भजी येतात. व्याकरणाचे पार बारा वाजले. पण मॅडमनी मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मुलांना असंच सांगशील का?"

नोकरी लागली. पहिल्या रविवारी उशिरा उठले, तर आई उंबऱ्यात केस वाळवत बसलेली. भर वेचणीचे दिवस होते. तिच्या शेजारी कागदात भजी होती.

"कामाले नाई गेली?" मी विचारलं.

"गुरवारी गेलती," आई म्हणाली. "तुले गुरवारी सुट्टी नाई, मंग मी एकटीनं भजे काऊन खाऊ?"