भीती वाटली की पाय खाली

आमच्या लॉन्ड्रीत बसून करायची कामं दोनच होती. एक मालकाचं आणि दुसरं गाडीवाल्याचं. बाकी आम्ही सगळ्या उभ्या. त्यामुळे डॉक्टरांनी जेव्हा कडकबाईला सांगितलं, की पायांच्या शिरा अशाच फुगत राहिल्या तर पुढे जखमा होतील, बसून करायचं काहीतरी बघा, तेव्हा ती दवाखान्यातून सरळ कामावर आली आणि मला म्हणाली, "मालक काही खुर्ची सोडायचा नाही. म्हणजे गाडीच."

कडकबाई हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कानावर पडायचं. तिच्या हाताखालून गेलेली चादर कडक निघायची आणि बोलणंही त्याच इस्त्रीतलं, म्हणून कडकबाई. वय पंचेचाळिशीच्या पुढचं. तोवर तिने साधी सायकलही चालवलेली नव्हती.

आम्ही हॉस्पिटलांच्या चादरी धुऊन, इस्त्री करून परत पोचवतो. इस्त्री म्हणजे हातातली नव्हे. एक लांबलचक तापलेला रोलर असतो, ओल्या चादरीची दोन टोकं दोघींनी धरून त्याच्या तोंडाशी द्यायची, तो ती आत ओढून घेतो. खाली पायाशी एक फळी. फळी दाबून धरली की रोलर फिरतो, पाय उचलला की थांबतो. फळी कडकबाईच्या पायाखाली असायची आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात. कामावर आलेल्या प्रत्येकीला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची: काही वेडंवाकडं दिसलं, कोणी ओरडलं, की विचार करायचा नाही. पाय उचल, हात मागे. बोटं शाबूत राहिली तर विचार करायला आयुष्य पडलंय. तिच्या पायावर माझा इतका भरवसा होता, की रोलरशी उभी राहून मी खुशाल खिडकीबाहेर बघत असे.

आमचा गाडीवाला म्हातारा झाला होता आणि काही महिन्यांनी काम सोडून मुलीकडे राहायला जाणार होता. कडकबाई मालकासमोर जाऊन उभी राहिली. मालक हसला. वाईट हसला असं नाही, पण हसला. म्हणाला, "तो जाईपर्यंत लायसन आणून दाखव, चावी तुझी. नाहीतर मी बाहेरचा माणूस ठेवणार." तो मनात काय म्हणाला हे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

आता गाडी शिकायची तर पैसे लागतात. कडकबाईचा नवरा घड्याळं दुरुस्त करतो, आणि हल्ली वेळ बघायला घड्याळ लागतंय कुणाला? घर तिच्या पगारावर चालायचं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी पूर्ण शिकवणीची फी सांगितली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आणि मागच्या सीटवर नुसतं बसायचं काय घेता?"

मास्तर पूर्वी बस चालवायचे. आयुष्यात बरेच प्रवासी बघितलेला माणूस, पण असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. "मागे बसून काय करणार?"

"दुसरे चुकतील ते बघीन."

मास्तर रोज पांढरा शर्ट घालत आणि तो रोज चुरगळलेला असे. कडकबाईने तो आल्या आल्या हेरला होता. सौदा असा ठरला: मास्तरांचे आठवड्याचे शर्ट ती इस्त्री करून देणार, त्या बदल्यात दुसऱ्यांच्या शिकवणीच्या वेळी मागच्या सीटवर बसणार. स्वतःच्या पैशाने शिकवण्या घ्यायच्या त्या अगदी शेवटी, मोजक्याच.

संध्याकाळी काम सुटलं की ती मागच्या सीटवर. गिअर बदलताना डोळे मिटून घेणारा एक दाताचा डॉक्टर होता. कोयत्यासारखी जीभ असलेली एक शाळेतली मास्तरीण होती, ती रस्त्यावरच्या प्रत्येकाला शिव्या घालायची आणि इंडिकेटर द्यायचा विसरायची. कडकबाई दुसऱ्या दिवशी रोलरशी उभी राहून मला सगळं साग्रसंगीत करून दाखवी. क्लच कधी, ब्रेक कधी, आरशात कधी बघायचं. मला गाडीशी काही देणंघेणं नव्हतं, पण माझंही सगळं पाठ झालं. मास्तरांचे शर्ट मात्र असे दिसू लागले, की शिकायला येणारे त्यांना वचकून राहू लागले.

मग ती स्वतः पुढे बसली. पहिल्या दिवशी गाडी बंद न पाडता निघाली, वळली, थांबली. मास्तर म्हणाले, बाई, तुम्ही आधी चालवलीय का कुठे? आणि नेमकी तेव्हा एका गल्लीतून हातगाडी बाहेर आली.

कडकबाईने दोन्ही पाय उचलले आणि दोन्ही हात मागे घेतले.

गाडी आपल्या मनाने पुढे जात राहिली. मास्तरांच्या बाजूला त्यांचा वेगळा ब्रेक असतो, तो त्यांनी दाबला म्हणून हातगाडीवाला आणि हे लोक वाचले. "बाई, स्टिअरिंग सोडून कुठे निघालात?" ते ओरडले. तिला सांगता येईना. वीस वर्षं जी गोष्ट तिने स्वतःच्या आणि आमच्या अंगात मुरवली होती, ती पायाने न विचारता केली होती. पुढच्या शिकवणीला कुत्रं आडवं आलं. पुन्हा पाय वर, हात मागे. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "बाकी सगळं येतंय तुम्हाला. पण भीती वाटली की पाय खाली. खाली! मधल्या पॅडलवर! हे जमत नसेल तर तुमचे पैसे वाचवा, आणि माझा जीवही."

शिकवण्या वाढवायला पैसे नव्हते. मग तिने नवऱ्याला कामाला लावलं. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसायची, पायाशी एक वीट, हातात थाळी. त्याने तिच्या मागे कधीही, न सांगता, काहीतरी आपटायचं. ह्या माणसाच्या हातून जन्मात साधा स्क्रू खाली पडलेला नाही. सुरुवातीला तो झाकण हळूच ठेवायचा आणि विचारायचा, "दचकलीस?" मग शिकला. पातेली, डबे, एकदा तर हातोडा. दरवेळी तिने पाय विटेवर हाणायचा आणि थाळी घट्ट धरायची. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, की भांडण असेल तर मिटवायला माणूस पाठवू का. महिनाभरात तिचा पाय सुधारला. आता गाडीसमोर काहीही आलं तरी गाडी जागच्या जागी उभी. मास्तरांनी परीक्षेची तारीख घेतली.

त्याच आठवड्यात माझा हात भाजला.

चादरीला पीळ पडला होता. मी तो सोडवायला गेले, कापड बोटांभोवती गुंडाळलं गेलं आणि रोलरने ते आत ओढलं. मी किंचाळले. शेजारी कडकबाई होती, म्हणजे रोलर थांबणारच होता. तो थांबला नाही. मी खाली बघितलं तर तिचा पाय फळीवर जीव खाऊन दाबलेला होता, आणि चादरीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. धुलाईच्या मशीनवरच्या माणसाने धावत येऊन भिंतीवरचा खटका बंद केला. तोवर माझ्या उजव्या हाताच्या तीन बोटांच्या पाठीवरची कातडी गेली होती.

मालकाने विचारलं तेव्हा तिने आडपडदा ठेवला नाही. "माझा पाय चुकला," म्हणाली. "गाडी शिकून चुकला." मालकाने माझ्या औषधपाण्याचं बघितलं, आणि तिला सांगितलं, की रोलरजवळ पुन्हा फिरकायचं नाही. गाडीवाला जाईपर्यंत घड्या घालायला उभी राहा, तोवर लायसन आलं तर ठीक, नाहीतर हिशेब घेऊन घरी जा.

मला तिचा राग आला. तो कमी करून सांगण्यात अर्थ नाही. तिचे पाय दुखत होते, कबूल, पण तिच्या पायांपायी हात माझा गेला होता. ती घरी बघायला आली, रडली, माफी मागितली. मी भिंतीकडे तोंड करून झोपून राहिले.

परीक्षेत ती नापास झाली. हे मला धुलाईवाल्याने सांगितलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्या दारात. मी ये म्हटलं नाही, ती आत येऊन बसली. उभं राहवतच नव्हतं तिला, पोटऱ्यांना पट्ट्या बांधलेल्या होत्या. "माफी मागून झालीय, ती परत मागत नाही," ती म्हणाली. "तुझी एक मदत पाहिजे."

"हात दिलाय आधीच. आता काय पाय देऊ?"

तिने पोटरीवरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "परीक्षेत एक स्कूटरवाला आडवा आला. मला तू किंचाळलेली ऐकू आलीस. ब्रेक दाबला तर तू भाजणार असं वाटलं. पाय वरही जाईना, खालीही येईना. परीक्षा घेणाऱ्या साहेबांनीच हँडब्रेक ओढला. भांडी आपटून आता होत नाही. मला तुझाच आवाज ऐकू येतो. तू मागच्या सीटवर बस आणि ओरड."

मला हसावं की तिला हाकलून द्यावं कळेना. मी विचारलं, "आणि मी का म्हणून?"

"काही कारण नाही," ती म्हणाली. "पुढची परीक्षा गाडीवाला जायच्या आदल्या दिवशी आहे. मला ना रोलर राहिला, ना गाडी. उभं राहून घड्या घालणं फार दिवस व्हायचं नाही. एवढंच आहे."

तिने हात जोडले असते तर मी नाही म्हटलं असतं. पण जे होतं ते तिने तसंच समोर ठेवलं. मी चप्पल घातली.

मास्तरांनी माझ्या बांधलेल्या हाताकडे आणि मग तिच्याकडे बघितलं. "पूर्वी मागे तुम्ही बसायचात, आता ह्या. उद्या कोण, ह्यांची आत्या?" पण गोदामांच्या मागे मोकळं मैदान होतं तिथे त्यांनी गाडी नेली, आणि तिला चालवायला देऊन मला खूण केली. मी ओरडले.

"हे ओरडणं आहे की जांभई?" मास्तर म्हणाले.

परत खूण झाली. या वेळी मी त्या दिवशीचा रोलर आठवला, आणि जे घशातून निघालं त्याने मीच घाबरले. कडकबाई गोठली. हात स्टिअरिंगवर, पाय अधांतरी, गाडी सरळ पुढे. मास्तरांचा पाय त्यांच्या ब्रेककडे जाताना मला दिसला आणि मी तिच्या कानाशी वाकून ओरडले, "दाब! दाब की मेले, मी इथे मागे आहे!"

तिने दाबला. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं.

मग मी ओरडतच राहिले. त्या दिवशी आणि त्यानंतरचे बरेच दिवस. मास्तर खूण करेनासे झाले, मला वाटेल तेव्हा मी ओरडायचे. बोटांसाठी ओरडले, मालकासाठी ओरडले, ती नापास झाल्यावर मला बरं वाटलं त्यासाठीही ओरडले. दरवेळी ती दाबायची आणि गाडी थांबायची. माझा घसा बसला आणि रागही बराचसा उतरला. सगळा नाही.

ती पास झाली. परीक्षेच्या साहेबांनी विचारलं म्हणे, की बाई, तुम्ही ब्रेक लावताना मागे का बघता? ती म्हणाली, सवय आहे.

गाडीवाल्याने जाताना चावी मालकाच्या हातात दिली आणि मालकाने ती, या वेळी न हसता, तिच्या हातात ठेवली. माझ्या बोटांना रोलरची धग सोसेना, म्हणून मला त्याने गाडीवर दिलं, गाठोडी चढवायला-उतरवायला. म्हणजे तिच्या शेजारी. माझं कोणी मत विचारलं नाही. पहिल्या दिवशी मी दाराची कडी डाव्या हाताने धरून बसले होते आणि रस्त्यावरची एकूण एक गोष्ट तिच्याआधी बघत होते. कडकबाई समोर बघून चालवत राहिली. तिला दिसत होतं.

असे काही महिने गेले. एका दुपारी आम्ही हॉस्पिटलच्या मागच्या उतारावरून निघालो होतो. मी बोटांना मलम लावत बसले होते. एकदम गाडी थांबली, मागची गाठोडी आमच्या पाठीवर येऊन पडली आणि माझ्या हातातली डबी खाली गेली. वर बघितलं तर गाडीच्या नाकाशी चाकांची खुर्ची, तिच्यात एक आजोबा, आणि ती ढकलणारी नर्स पांढरी पडलेली. बरोबर हाताच्या अंतरावर.

नर्स पुढे निघून गेली तरी कडकबाई तशीच बसून होती, पाय दाबून. मग माझ्याकडे वळून जरा दुखावल्यासारखी म्हणाली, "तू ओरडली नाहीस?"

"मी बघतच नव्हते," मी म्हटलं.

ते ऐकून तिने मान वळवली. डोळे पुसले आणि ब्रेकवरचा पाय हळूच काढला.