समासातलं ‘पाहिलं?’

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणंदला कांद्याच्या बाजारात पत्रकं वाटत होते. बाबा म्हणाले, “शकू गेली गं. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसली... तेवढंच.” मी हातातला गठ्ठा पिशवीत कोंबला आणि साताऱ्यात गाडी बदलून सांगली गाठली. वाटेत मला फक्त दुःख होत होतं. शरम वाटायला अजून बारा दिवस होते.

आमच्या कराडच्या घरात पत्रकं आधी आली, मग मी. बाबा आणि त्यांचे मित्र बुवाबाजीविरुद्ध लिहायचे, आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं. शकूआत्या, बाबांची थोरली बहीण, सांगलीत शाळेत मराठी शिकवायची. आमच्या प्रत्येक पत्रकाचं प्रूफ एसटीनं तिच्याकडे जायचं आणि लाल पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत यायचं. शुद्धलेखनाच्या चुका ती मुकाट्यानं दुरुस्त करी. पण एखादं विधान ठोकून दिलेलं दिसलं की त्याभोवती गोल काढून समासात एकच शब्द लिही : ‘पाहिलं?’ म्हणजे स्वतः पाहिलंस, की ऐकीव लिहिलंस? मी जतच्या टँकरवर पहिलं पत्रक लिहिलं तेव्हा ‘दहा दिवसांत एकदा टँकर येतो’ या ओळीपाशी तो शब्द होता. चिडून जतला गेले, एका वस्तीवर मुक्काम ठोकला. टँकर दुसऱ्याच दिवशी आला, पण सगळा एकाच घराच्या टाकीत रिकामा झाला. फोनवर सांगितलं तर आत्या म्हणाली, “मग ते लिही की बाई. तुझ्यापेक्षा खरं जास्त जहाल आहे.”

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती आजारी पडली. दवाखान्यातून चालत घरी आली, पण वाचन परत आलं नाही. उभं राहिलं की छातीत धडधड, दुपारपर्यंत अंग गळून जायचं, आणि पुस्तक उघडलं की डोक्यात धुकं. “अक्षरं सगळी ओळखीची आहेत गं,” ती म्हणायची, “पण ओळीच्या टोकाला जाईस्तोवर सुरुवात निघून गेलेली असते.” तिनं कुणाच्याशा लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडली. ती खिडकी कागदावर सरकवत, एका वेळी एकच ओळ बघत, ती माझी प्रूफं वाचायची. चार ओळी झाल्या की डोळे मिटून बसायची.

गेल्या वर्षी कराडात एकानं दुकान थाटलं. कोविडनंतरचा थकवा, विसराळूपणा, सगळं कानाला वायर लावून घालवतो, असा बोर्ड. तो माणूस भोंदू होता, यात मला आजही शंका नाही. मी त्याला भेटले होते, त्याचं मशीन बघितलं होतं. पण पत्रकाच्या शेवटी मला जोर चढला. मी लिहिलं, ‘कानाला वायर लावून कोविडचा थकवा घालवतो म्हणणारा प्रत्येक जण भोंदू आहे, आणि तिथं जाऊन बसणारा त्याचा साथीदार आहे.’ प्रूफ परत आलं तेव्हा ‘प्रत्येक जण’भोवती लाल गोल होता. समासात तोच शब्द. मी वैतागून फोन केला.

“आत्या, सगळंच बघत बसले तर पत्रक निघायचं कधी?”

“एकदा मिरजेला ये. तुला एक दाखवायचंय.”

“आता नाही गं. आधी हे छापू दे.”

“बरं... मग खालचा फोन नंबर तेवढा तपास. मागच्या खेपेला कुठल्या सुताराचा छापला होतास.”

आम्ही दोघी हसलो. पत्रक गाजलं, दुकान बंद झालं. त्यानंतर आत्यानं एकही प्रूफ मागितलं नाही. मी भेटायला जायचे तेव्हा वर्तमानपत्रं घडी न मोडता पडलेली असायची आणि ती खुर्चीत रेडिओ ऐकत असायची. एकदा मी म्हणाले, “आळशी झालीस आत्या.” तेव्हाही ती हसली.

आमच्यात दिवस करत नाहीत. तेराव्या दिवशी तिच्या घरी तिची माणसं नुसती जमली होती. एक तरुण दारातच घुटमळत होता. मल्लिकार्जुन, जतकडचा, मिरजेच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. “तुमी पत्रकवाल्या ताई न्हवं?” तो म्हणाला. मला वाटलं, कौतुक करेल. त्यानं खिशातून तो खाचेचा पुठ्ठा काढला. “बाईंचं हे माझ्याकडं ऱ्हायलं हुतं.”

मग तो हळूहळू बोलला. त्यांच्या दवाखान्यात कोविडनंतर न सावरलेल्या माणसांवर, त्यांची लेखी संमती घेऊन, एक उपचार तपासत होते. डाव्या कानाला बारीक चिमटा, अगदी सौम्य वीज. कानाजवळच्या एका शिरेतून ती मेंदूपर्यंत पोचते, धडधड आणि धुकं त्यानं कमी होईल असा अंदाज. “गुण येतोय का न्हाई ते अजून ठरायचंय, म्हणून तर बघत हुतो. काहींना खरं मशीन, काहींना नुसतं दाखवायचं. बाईंना कुठलं, ते मलाबी ठाऊक न्हवतं. बाईंना ते लय आवडलं. म्हनल्या, हे तर माझंच काम करताय रं तुमी.”

“आणि मग?”

“पयल्यांदा चार ओळी वाचायच्या. सहाव्या आठवड्याला पानभर वाचलं. मग एक दिवस तुमचं पत्रक घिऊन आल्या. म्हनल्या, मल्लू, आता माझं येणं बंद. मी म्हनलं, आवं बाई, ह्यात आपलं नाव कुठाय? तर म्हनल्या, प्रत्येक जण लिवलंय की. पोरगी गावोगाव हे वाटत फिरती. उद्या कुणी म्हनलं, हिची आत्याच तिथं बसती, तर तिनं तोंड कुठं दाखवायचं?” पुठ्ठा तिनं टेबलावरच ठेवला होता. मल्लू तो द्यायला मागे धावला तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, आता कशाला लागतोय.

मला बचाव करता येतो. आत्या हृदयविकारानं गेली, पत्रकानं नाही. तिला लावलेलं मशीन कदाचित खोटंच असेल. पण जिनं मला डोळ्यांनी बघायला शिकवलं, तिचे शेवटचे आठ महिने मी न वाचता काढायला लावले, आणि तेही एका न पाहिलेल्या शब्दासाठी. परवा मिरजेच्या त्या दवाखान्यात जाऊन, आत्या बसायची त्या खुर्चीत बसले, चिमटा लावून घेतला. कानाला मुंगी चालल्यासारखं वाटलं, बस. नवीन पत्रक लिहिलंय. त्यात ‘प्रत्येक जण’ हे शब्द माझ्या नावानं मागे घेतलेत. बाबा म्हणाले, “छापलेलं मागे घ्यायची आपल्यात पद्धत नाही.” मी म्हणाले, “मग आत्ता पडेल.”

हा लेख मी तिच्या पुठ्ठ्याच्या खिडकीतून, एकेक ओळ सरकवत तपासला. फार वेळ लागतो... ‘सहाव्या आठवड्याला पानभर वाचलं’ या ओळीपाशी हात थांबला. लाल पेन्सिलीनं गोल काढला आणि समासात लिहिलं : नाही पाहिलं. ती ये म्हणाली होती.