अळणी श्रावण

माझी पाठ विशीतच लाकूड झाली होती. सकाळी कूस बदलायची तरी भिंत धरावी लागे. मळ्यात जरा वेळ झेंडू तोडला, अंग तापलं, की पाठ सैल पडे. त्यामुळे घरात माझी किंमत ठरूनच गेली होती. "कामाला लागली की बरी असती, उठायच्या वेळीच कशी पाठ धरती? सोंगं नुसती!" आत्या म्हणायची. तिच्या जिभेला हाड नव्हतंच.

पुढे रंग गेला. हिरड्या, बोटांची पेरं, कोपरावरची जुनी खूण, सगळं काळवंडत चाललं. अंगावरचं मांस उतरलं. आणि मिठाची भूक लागली. हो, भूकच! बांधावर कैरी घेऊन बसे, कैरी टाकून देई आणि नुसतं मीठ चाटे.

मी वाळत चालले होते, पण घोर लागला तो माझ्या रंगाचा. तेव्हा नव्वदच्या दशकात ओझरच्या विमान कारखान्यातला मुलगा म्हणजे आमच्या लोकांना देवच. तसला एक बघायला आला. त्याच्या आईला नमस्कार करायचा, तर मला कमरेतून वाकताच येईना. कशीबशी गुडघ्यांवर बसले, पायांना हात लावला, उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले ती पोह्यांच्या बशांवर.

"काळी आहे, वाकत नाही, वर फिट येते. कशाला बोलावलंत आम्हाला?" बाई पदर झटकत निघाल्या.

मग आत्यानं व्रत काढलं. श्रावण महिनाभर मीठ बंद. महादेव नवराही देईल आणि रंगही. आईनं मिठाची बरणी कपाटात घालून कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

"आई, एक खडा दे गं. मरते मी."

"महिनाभर जीभ आवरत नाय तुला? सासरी काय दिवे लावशील?"

मी हातावरचा घाम चाटायचे. खरं सांगते, कुत्र्यासारखी चाटायचे. श्रावण सरत आला तशी उलट्या सुरू झाल्या, उभं राहवेना. "व्रत मोडायची नाटकं," आई म्हणाली. शेवटी शुद्ध हरपली, तेव्हा वडिलांनी मला फुलांच्या टेम्पोत घातलं. शहरातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत टेम्पो अडकला, तेव्हा वडील खाली उतरून लोकांच्या हातापाया पडत होते म्हणे.

दवाखान्यात सलाइन चढलं, डोळे उघडले. डॉक्टरांनी माझी हिरडी बघितली आणि विचारलं, "मीठ फार खावंसं वाटायचं का?"

मला बोलवेना. आईच बोलली, तीही अभिमानानं. "छे हो! महिनाभर मिठाला शिवली नाय. कडक व्रत हाय तिचं."

डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिले. मग हळूहळू सांगितलं, की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कामातून गेल्यात, त्यामुळे अंगात मीठ टिकत नाही. मी खात होते त्या मिठावरच जगत होते. आता गोळ्या जन्मभर. पाठीचंही सोंग नाही, मणक्यांचा संधिवात आहे, तो वेगळा.

मला वाटलं, आता आई जवळ येईल, डोक्यावरून हात फिरवील. मी वाट बघत होते, देवाशपथ.

"मग या गोळ्यांनी रंग उजळंल का हो हिचा?"

"उजळेल," डॉक्टर म्हणाले.

आईनं तिथंच हात जोडले. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "पावला गं बाई महादेव."