कुंदाताई आणि अण्णांची गोळी

त्या वर्षी १२ ऑक्टोबरला मी नवरात्राची भगर निवडत होते. शेजारच्या डॉक्टर कुंदाताईंना मीच हाक मारली होती. त्या आल्या आणि सासऱ्यांची नाडी बघायच्या आधी म्हणाल्या, "औषधांची पिशवी आणा. उलटी करा." उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या दवाखान्यातही हाच नियम. तोंडी सांगितलेल्या औषधावर त्यांचा विश्वास नसे.

माझे सासरे, अण्णा, करमाडहून आले होते. कडक उपास, जिना चढताना दम, चेहरा पांढराफटक. पिशवीतून ॲसिडिटीच्या गोळ्या निघाल्या आणि दुखण्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं.

"या कशासाठी?"

"गुडघ्यासाठी. लई नाय, सकाळ-संध्याकाळ एक. जळजळलं की ही दुसरी घेतो, लगेच थंड."

"उपाशीपोटी?"

"उपासाला काय भाकरी खाऊन घेऊ?"

कुंदाताई हसल्या नाहीत. "अण्णा, जळजळ म्हणजे कोणीतरी कडी वाजवतंय. कोण आलंय ते बघायचं, का कडीच काढून ठेवायची?" हे त्या सगळ्यांनाच ऐकवत. ॲसिडिटीच्या गोळीशी त्यांचं वैर नव्हतं. त्या स्वतः लिहून देत: सकाळी नाश्त्याआधी, ठरलेले दिवस, मग परत दाखवायला या. दुकानातून आणून महिनोन्‌महिने गिळणाऱ्यांवर मात्र त्या चिडत.

"शौचाचा रंग कसा आहे?" त्यांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे सासरे सुनेसमोर असलं बोलत नाहीत. मी उठले.

"तू बस," कुंदाताई म्हणाल्या. "अण्णा, चक्कर येऊन पडलात तर उचलणार हीच. बोला."

"काळा," अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले. "डांबरावानी. दोन-तीन रोज झाले. म्हटलं, उपासानं असंल."

कुंदाताईंनी तिथूनच रिक्षा मागवली आणि स्वतः शेजारी बसल्या. हॉस्पिटलात दुर्बिणीतून जठरातला व्रण दिसला, त्यातून रक्त झिरपत होतं; काळा रंग त्याचाच. दुखण्याच्या गोळीनं जखम केली होती, आणि दुसऱ्या गोळीनं जळजळ दाबल्यामुळे अण्णा निर्धास्त होते. आणखी थोडे दिवस गेले असते, तर हाती लागले नसते.

कुंदाताई आता नाहीत. त्यांच्यानंतर हुशार डॉक्टर पुष्कळ पाहिले. पण घरातली लाज अशी दोन वाक्यांत बाजूला करणारं कोणी भेटलं नाही.

अण्णांना दाखल केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हॉस्पिटलात अण्णांच्या खाटेभोवतीचा पडदा ओढला, स्टूल जवळ घेतलं आणि विचारलं, "अण्णा, आज रंग कसा होता?" त्यांनी सांगितलं. मी जाऊन नर्सला कळवलं.